प्रकाशाने केलेली तपासणी : पुरावा कोठे, वाटाड्या कोठे?

वाचकहो, आज रात्री घरातील दिवे मालवल्यावर एक लहानसा प्रयोग करून पाहा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर आपल्या बोटाचे टोक अलगद टेकवा. बोट आतून निखाऱ्यासारखे तांबडे दिसू लागेल. टॉर्चचा प्रकाश तर पांढरा आहे. मग बोटातून बाहेर आलेला प्रकाश तांबडाच का? आणि बोटात हाड असूनही त्याची सावली का दिसत नाही?

या दोन साध्या प्रश्नांच्या उत्तरांत आधुनिक वैद्यकाच्या एका महत्त्वाच्या शाखेचे मर्म आहे. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग एकत्र असतात. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन त्यांपैकी निळा व हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. तांबडा प्रकाश मात्र बराचसा सुटतो आणि बाहेर येतो. हे झाले पहिले उत्तर. दुसरे असे, की मांसातून जाताना प्रकाश सरळ रेषेत जात नाही. दाट धुक्यात मोटारीच्या दिव्याचा झोत जसा चहूकडे पसरतो, तसा तो पेशीपेशीवर आपटून विखुरतो. म्हणून हाडाची कड पुसली जाते आणि आपल्याला केवळ एक तांबडी झळाळी दिसते.

एकसारख्या पेशी एकत्र येऊन शरीराचे जे कापड विणतात, त्याला ऊती म्हणतात. चरबी, स्नायू, मज्जातंतू, तोंडाचे वा आतड्याचे ओलसर अस्तर ही सारी या कापडाची निरनिराळी वाणे. प्रत्येकात पाणी, रक्त, रंगद्रव्ये आणि तंतू यांचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे प्रत्येक ऊती प्रकाश आपापल्या रीतीने शोषते आणि आपापल्या रीतीने विखुरते. ऊती आजारी झाली, की ही रीतही बदलते. परत आलेल्या प्रकाशात झालेला हा बदल मोजून समोर कोणती ऊती आहे आणि ती निरोगी आहे की नाही याचा अंदाज घेणे, हे या तपासण्यांचे काम.

हा विषय आज निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. ज्येष्ठांच्या फायलींत अशा तपासण्यांचे रंगीत कागद आता वारंवार दिसतात, आणि त्यांबाबत दोन टोकांचे समज कानी येतात. एक म्हणजे, "इतके मोठे यंत्र लावून सगळे पाहिले, मग आता तुकडा कशाला काढायचा?" आणि दुसरा, "नुसता उजेड टाकून काय कळणार? उगाच खर्च." दोन्ही समजांपायी निर्णय लांबतात, आणि काही आजारांत लांबलेल्या निर्णयाची किंमत दृष्टीने वा आयुष्याने मोजावी लागते. म्हणून एक साधे सूत्र आरंभीच सांगतो. जेथे ऊतीचा तुकडा काढता येत नाही, तेथे प्रकाश हाच मुख्य पुरावा असतो. जेथे तुकडा काढता येतो, तेथे प्रकाश वाटाड्या असतो; निकाल तुकडाच देतो. पुढील सारे विवेचन या सूत्राभोवती आहे.

घरोघरी पोहोचलेले प्रकाशयंत्र

कोरोनाच्या काळात आपण बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर घरात आणला. तो चित्र काढत नाही, तरी त्याचे तत्त्व हेच आहे. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली हे तत्त्व मांडले. यंत्राच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटात सोडला जातो. एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा, दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून टक्केवारी निघते.

या लहान यंत्राकडून एक मोठा धडा घेण्याजोगा आहे. नखांना गडद नेलपॉलिश असेल, बोटे गार पडली असतील किंवा हात थरथरत असेल, तर आकडा चुकू शकतो. त्वचेचा वर्ण गडद असल्यास काही वेळा प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दिसतो, हे अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. तात्पर्य, प्रकाश खोटे बोलत नाही. पण त्याच्या वाटेत जे जे येईल त्याची छाया त्याच्या साक्षीवर पडते. म्हणून आकडा ९७ असला तरी रुग्णाला धाप लागत असेल, तर विश्वास धापेवर ठेवावा आणि डॉक्टरांना गाठावे.

डोळा : जेथे प्रकाशच पुरावा

दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतील मागचा पडदा. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर, आणि तेवढ्यात दहा थर. या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी बारीक कामे त्याच्या जोरावर चालतात. येथील ऊतीचा तुकडा तपासणीसाठी काढणे म्हणजे दृष्टीचाच तुकडा काढणे. तो विरळा अपवाद सोडल्यास कोणी काढत नाही. मग थरांच्या आत काय चालले आहे ते कळावे कसे?

सोनोग्राफी आपल्या परिचयाची आहे. ध्वनिलहरी आत सोडायच्या आणि त्यांचा प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो यावरून चित्र उभे करायचे. प्रकाशाबाबत हेच करता आले तर चित्र कितीतरी अधिक बारीक निघेल. पण अडचण वेगाची. सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश दृष्टिपटलाची जाडी ओलांडण्यास सेकंदाचा सुमारे एक लक्ष कोटीवा भाग एवढाच वेळ घेतो. इतका काळ घड्याळाने मोजणे व्यवहारात जमत नाही. त्यावर युक्ती अशी, की प्रकाशाचे दोन भाग करायचे. एक भाग डोळ्यात, दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे. दोन्ही परत येऊन एकमेकांत मिसळले, की तळ्यातील दोन लाटा एकमेकींत मिसळताना उमटते तशी नक्षी उमटते. त्या नक्षीवरून कोणता प्रकाश किती खोलीवरून परतला ते काढता येते. या तपासणीला ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, थोडक्यात 'ओसीटी' म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी संबंधित संशोधकांनी १९९१ साली तिचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग व एरिक स्वॉन्सन यांना २०२३ साली वैद्यकातील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आजची यंत्रे सुमारे पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका फरक दाखवू शकतात.

या चित्रात काय दिसते? दृष्टिपटलाचे थर एकावर एक रचलेल्या घड्यांसारखे दिसतात. मधुमेहामुळे किंवा वयोमानपरत्वे होणाऱ्या पीतबिंदूच्या झिजेच्या ओलसर प्रकारामुळे तेथे पाणी साचले असेल, तर थरांमध्ये काळ्या पोकळ्या दिसतात. काचबिंदूत मज्जातंतूंचा थर विरळ होत जातो. तो किती विरळ झाला ते मोजता येते. पीतबिंदूला छिद्र पडले असेल तर तेही स्पष्ट दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही वेळा ही तपासणी करून घ्यावयास सांगतात, त्याचे कारण हेच. भिंग बदलले तरी मागचा पडदा आजारी असेल तर अपेक्षेइतके दिसणार नाही. ही गोष्ट आधी कळलेली बरी. नंतर कळली तर घरात आणि दवाखान्यात विनाकारण गैरसमज होतात.

आता खरा कळीचा मुद्दा. पीतबिंदूत पाणी झाल्यावर डोळ्यात ठरावीक अंतराने इंजेक्शने दिली जातात. दोनतीन इंजेक्शनांनंतर रुग्णाला बरे दिसू लागते आणि घरून विचारणा होते, "आता दिसते आहे, मग पुन्हा इंजेक्शन कशाला?" डोळे दोन असल्याने एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि पाणी पुन्हा साचू लागल्याचे रुग्णाच्या ध्यानातही येत नाही. ओसीटीच्या चित्रात ते आधी दिसते. पाणी फार काळ राहिले तर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच मरतात. मग पाणी ओसरले तरी दृष्टी परतत नाही. काचबिंदूतही गेलेली दृष्टी परत येत नाही. आहे ती राखणे एवढेच हाती असते. म्हणून 'चांगले दिसते आहे' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. येथे रुग्णाच्या अनुभवापेक्षा प्रकाशाची साक्ष अधिक विश्वासार्ह आहे, आणि तुकडा काढून खात्री करण्याचा दुसरा मार्गही नाही.

तरीही ओसीटीचा कागद हाती आला, की रंगांवरून घरीच निदान करू नये. हे रंग डोळ्यातले नसतात; संगणकाने भरलेले असतात. पीतबिंदूच्या जाडीच्या नकाशात तांबडा रंग बहुधा सूज दाखवतो, तर काचबिंदूच्या कागदावर तोच तांबडा रंग थर सर्वसामान्यांपेक्षा विरळ असल्याचे सांगतो. ज्यांना मोठ्या उणे नंबरचा चष्मा आहे, त्यांच्या कागदावर आजार नसतानाही तांबडे पट्टे उमटू शकतात. म्हणून काचबिंदूचे निदान केवळ या कागदावरून होत नाही. डोळ्यातील दाब, दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेली नस यांची सांगड घालावी लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. आजार वाढला की थांबला हे कळण्यासाठी शक्यतो एकाच प्रकारच्या यंत्रावर तपासणी करावी आणि जुने कागद प्रत्येक वेळी सोबत न्यावेत.

तपासणीच्या दिवसाविषयी काळजीवाहकांना थोडे सांगतो. उपाशी राहण्याची गरज नसते. डोळ्याला काही टोचत नाही, यंत्र स्पर्शही करत नाही, आणि यात क्ष-किरण नसतात. हनुवटी टेकवून काही क्षण एका खुणेकडे पाहावयाचे असते. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले तर काही तास अंधुक दिसते. म्हणून ज्येष्ठांना एकटे पाठवू नये, आणि गॉगल सोबत द्यावा. मान वा पाठ वाकलेली असेल, कंपवात असेल, ऐकू कमी येत असेल, तर तंत्रज्ञाला आधीच सांगावे. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर चित्र धूसर येते. वाटेत आडवे आलेले धुके म्हणावयाचे ते हेच.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरीही एक सोपी चाचणी करता येते. चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, खिडकीचे गज किंवा चौकटीच्या वहीच्या रेघा पाहाव्यात. मग दुसरा डोळा झाकावा. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मध्येच डाग दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

हृदयाच्या रक्तवाहिनीत

हेच ओसीटीचे तंत्र अँजिओप्लास्टीच्या वेळी हृदयाच्या रक्तवाहिनीतही वापरले जाते. तेथेही अडथळ्याचा तुकडा काढून पाहण्याची सोय नसते. बारीक नळीच्या टोकाकडून प्रकाश सोडत ती नळी काही सेकंदांत मागे ओढतात आणि वाहिनीच्या भिंतीचे चित्र मिळते. अडथळा कोणत्या ऊतीचा आहे, हे येथे प्रकाश सांगतो. तंतुमय भाग एकसारखा उजळ दिसतो. चरबीचा साठा काळसर आणि धूसर कडांचा. कॅल्शियमचा थर काळसर पण रेखीव कडांचा. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कॅल्शियमची कडक कमान फोडल्याखेरीज स्टेंट पुरता उघडत नाही, आणि अर्धवट उघडलेला स्टेंट पुढे बंद पडण्याचा धोका अधिक असतो.

प्रत्येक रुग्णाला याची गरज असतेच असे नाही. गुंतागुंतीच्या अडथळ्यांत त्याचा लाभ अधिक. रक्तपेशी प्रकाश अडवतात, म्हणून चित्र घेताना क्षणभर रक्त बाजूला सारण्यासाठी जादा औषध सोडावे लागते. बहुधा तेच कॉन्ट्रास्ट असते. मूत्रपिंडे अशक्त असणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांनी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आधीच डॉक्टरांसमोर ठेवावा.

तोंड आणि आतडे : जेथे प्रकाश वाटाड्या

आता सूत्राची दुसरी बाजू पाहू. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. तंबाखू, गुटखा, सुपारी यांचा वाटा त्यात मोठा. आणि आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या आजींचीही संख्या थोडी नाही. तोंडाच्या तपासणीसाठी निळा प्रकाश वापरणारी छोटी उपकरणे मिळतात. निळा प्रकाश पडला, की निरोगी अस्तर स्वतःहून मंद हिरवट प्रकाश परत देते. बिघडलेला भाग त्या तुलनेत काळपट दिसतो. साध्या डोळ्यांना न दिसलेली संशयास्पद जागा यामुळे काही वेळा ध्यानात येते.

परंतु कवळी घासून झालेली साधी जखमही या प्रकाशात काळपट दिसू शकते, कारण दाह झालेल्या जागी रक्त अधिक असते आणि रक्त प्रकाश शोषते. उलटपक्षी, उजळ दिसला म्हणून प्रत्येक पांढरा चट्टा निर्दोष ठरत नाही. प्रकाश 'येथे पाहा' असे सांगतो. 'हे काय आहे' ते त्याला येथे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून त्या जागेचा लहानसा तुकडा काढून तो पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात, आणि यालाच बायोप्सी म्हणतात. तेथे तुकड्याचे अत्यंत पातळ काप करून ते जांभळ्या व गुलाबी रंगांत रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गंमत अशी, की सूक्ष्मदर्शकही प्रकाशावरच चालतो. मात्र तेथे ऊतीच्या जाडीचे धुके दूर केलेले असते. पेशींची केंद्रके कशी आहेत, त्यांनी अस्तराची सीमा ओलांडली आहे का, आजार कोणत्या प्रकारचा आहे, हे तेथे दिसते आणि उपचार त्यावरच ठरतात.

बायोप्सीचे नाव निघाले, की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "गाठीला हात लावू नका, सुई लागली की ती चिडते आणि पसरते." या भीतीपायी महिनेच्या महिने जातात. तोंडातील जखमेचा लहानसा तुकडा काढल्याने कर्करोग अंगभर पसरतो, या समजाला आधार नाही. काही विशिष्ट गाठींत तुकडा कोठून व कसा घ्यावा याची विशेष काळजी घ्यावी लागते, आणि तज्ज्ञ ती घेतात. आजार पसरण्याचे नित्याचे कारण आहे वेळ. तो आपण भीतीपोटी त्याला देऊन बसतो. तोंडातील व्रण, पांढरा वा तांबडा चट्टा पंधरा दिवसांत बरा झाला नाही, तर दाखवावा. रोज कवळी काढताना एकदा आरशात जीभ उचलून, तिच्या कडा आणि गालांच्या आतल्या बाजू पाहण्याची सवय ठेवावी. ज्यांना स्वतःला जमत नाही, त्यांच्यासाठी घरातील कोणीतरी टॉर्च घेऊन आठवड्यातून एकदा हे काम करावे. हीही प्रकाशाने केलेली तपासणीच आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीतही हीच वाटाड्याची भूमिका दिसते. आजच्या दुर्बिणींत एक कळ दाबताच पांढऱ्या प्रकाशाऐवजी निवडक निळा व हिरवा प्रकाश पडतो. आरंभी टॉर्चच्या प्रयोगात पाहिले, की हिमोग्लोबिन हेच दोन रंग शोषते. त्यामुळे अस्तरातील बारीक रक्तवाहिन्यांची जाळी तपकिरी रेघांनी उठून दिसते. निरोगी अस्तरात ही जाळी सुबक असते; बिघडलेल्या मोडात वा गाठीत ती वेडीवाकडी दिसते. कोणता मोड काढावा आणि तुकडा नेमका कोठून घ्यावा, हे त्यावरून ठरवणे सोपे जाते. आंधळेपणाने चार ठिकाणी तुकडे घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

येथे घरच्यांची जबाबदारी अशी, की आतडे साफ करण्याचे औषध ज्येष्ठांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घेतले आहे ना, हे पाहावे. आतड्यात मळ राहिला तर सर्वोत्तम प्रकाशालाही त्याखालचे दिसत नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांविषयी मात्र आधी विचारून घ्यावे. त्या मनाने बंद करू नयेत. आणि उतारवयात शौचातून रक्त जाऊ लागले, तर 'मूळव्याधच असेल' असे ठरवून मलमावर महिने काढू नयेत.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

मेंदूतील काही घातक गाठींच्या शस्त्रक्रियेत प्रकाशाचा आणखी एक उपयोग होतो. गाठ आणि निरोगी मेंदू यांची सीमा साध्या डोळ्यांना नीट कळत नाही. जास्त कापले तर वाचा वा हातपाय जाण्याची भीती, कमी कापले तर गाठ उरण्याची. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला फाइव्ह-एएलए नावाचे औषध पाण्यातून पाजतात. गाठीच्या पेशींत त्याचे रूपांतर होऊन निळ्या प्रकाशात त्या गुलाबी-तांबड्या चमकतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात या पद्धतीने १०० पैकी ६५ रुग्णांतील तपासणीत दिसणारी गाठ पूर्णपणे काढता आली. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात हे प्रमाण ३६ होते. औषध घेतल्यानंतर सुमारे एक दिवस रुग्णाची त्वचा प्रखर प्रकाशाने भाजू शकते. म्हणून खोलीत मंद दिवा ठेवण्याची सूचना मिळाली तर ती काटेकोरपणे पाळावी. येथेही काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जातेच.

उद्याची वाट

प्रकाशाने ऊती ओळखण्याच्या या कथेत भारताचे नाव मोठे आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रमण यांनी आपला शोध जाहीर केला. पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग आपला रंग किंचित बदलून परततो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंची जणू सही असते. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुकडा न काढता या सहीवरून कर्करोगाची ऊती ओळखता येईल का, यावर जगभर काम सुरू आहे. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतही तोंडाच्या कर्करोगावर असे संशोधन झाले आहे. मात्र तोंडाच्या कर्करोगाच्या निदानात बायोप्सीची जागा घेण्याइतके हे तंत्र अद्याप रूढ झालेले नाही.

या विज्ञानाच्या नावावर होणाऱ्या फसगतीपासूनही सावध राहावे. हातात धातूची दांडी धरावयास सांगून दोन मिनिटांत यकृत, मूत्रपिंड, हाडे, जीवनसत्त्वे यांचा पंधरावीस पानी अहवाल देणारी यंत्रे आरोग्य शिबिरांत दिसतात. डोळ्यासारखा पारदर्शक अवयव सोडला, तर ओसीटीचा प्रकाश ऊतीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलवर उपयुक्त चित्र देतो. त्यासाठी तो त्या जागेजवळ न्यावा लागतो. म्हणून तर हृदयासाठी आणि आतड्यासाठी नळ्या आत घालाव्या लागतात. तळहातावरून यकृत वाचणारे यंत्र हे विज्ञान नव्हे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

प्रकाशावर आधारलेली कोणतीही तपासणी सुचवली, की पुढील पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. या तपासणीने निदान पक्के होईल, की पुढे बायोप्सी लागू शकेल?
२. तिच्या निकालामुळे उपचारात काय बदलेल?
३. मोतीबिंदू, थरथर, मूत्रपिंडाचा आजार अशा माझ्या कोणत्या गोष्टीमुळे चित्रात वा तपासणीत अडचण येईल?
४. मागील तपासणीशी तुलना केली का, आणि दोन्ही एकाच प्रकारच्या यंत्रावर झाल्या आहेत का?
५. पुढची तपासणी केव्हा, आणि त्यापूर्वी कोणते लक्षण दिसल्यास ताबडतोब यावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'बायोप्सी लागेल' असे आले, तर त्याचा अर्थ पहिली तपासणी वाया गेली असा होत नाही. तिने योग्य जागा दाखवली, आणि त्यामुळे सुई एकदाच, नेमकी तेथेच लागेल. आणि नेत्रतज्ज्ञ 'दिसत असले तरी पुन्हा या' असे म्हणाले, तर तो सल्ला खर्च वाढवण्यासाठी दिला आहे असे समजू नये. आपल्याला न जाणवणारे पाणी त्यांना त्या चित्रात दिसते.

ज्या ज्येष्ठांच्या डोळ्यांच्या तपासणीची वा बायोप्सीची तारीख 'सण झाल्यावर', 'लग्न उरकल्यावर', 'मुलगा आल्यावर' अशी पुढे सरकत राहिली आहे, त्यांच्या घरच्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी ती फाइल काढून तारीख पाहावी, आणि उद्या सकाळी दवाखान्यात दूरध्वनी करावा.